कृती तीच, आजार वेगळा : ओसीडी ओळखताना

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर रस्त्यावर दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर धावत असतात. समजा, त्यातला एक चालक भवानीनगरच्या कारखान्याकडे निघालाय. खड्ड्यात चाक आदळतं आणि त्याच्या मनात येतं, ‘खाली माणूस तर नाही आला?’ तो उतरतो, बॅटरी मारून बघतो. रस्ता मोकळा असतो. पुन्हा सीटवर बसतो, किलोमीटरभर जातो आणि वाटतं, डाव्या बाजूच्या चारीत आपण बघितलंच नाही. गाडी कडेला लावून तो चालत मागे येतो. काट्याच्या रांगेत नंबर मागे पडतो, मालक ओरडतो, सोबतचे म्हणतात, ‘घेतली असंल.’ त्याने घेतलेली नसते.

मागे फिरून बघणं ही कृती एकच, पण तिच्यामागची कारणं किती वेगळी असू शकतात बघा. ‘बहुतेक काहीच झालेलं नाही, मला कळतंय, पण बघितल्याशिवाय जीव थाऱ्यावर राहत नाही,’ असं तो म्हणाला, तर ओसीडीची शक्यता मोठी. मागच्या हंगामात त्याच्या डोळ्यांदेखत खरोखर अपघात झाला असेल आणि ती दृश्यं अजून झोपू देत नसतील, तर तो आघातानंतरचा ताणविकार असू शकतो. ‘गावातली माणसं मुद्दाम कुणाला तरी माझ्या गाडीखाली ढकलतात,’ असं तो ठामपणे सांगत असेल, तर विचार संशयाच्या, म्हणजे सायकोसिसच्या आजाराचा करायला हवा. आणि ट्रेलरचा साखळदंड सैल झाल्याचं आठवून तो मागे आला असेल, तर तो नुसताच सावध चालक आहे.

घरच्यांना आणि गावाला कृती दिसते. आजार मात्र कारणात असतो आणि उपचारही कारणावर ठरतो. म्हणून ‘किती वेळा हात धुतो’ हे मोजण्याआधी ‘का धुतो’ हे विचारायला शिकणं हे ओसीडी समजून घेण्यातलं पहिलं काम आहे.

चक्र कसं चालतं

मराठीत मंत्रचळ म्हणतात तो हाच आजार. दवाखान्यात त्याला सगळे ओसीडीच म्हणतात. त्याचे दोन भाग. पहिला, नको असताना मनात पुन्हा पुन्हा घुसणारा विचार, चित्र किंवा ऊर्मी. दुसरा, त्या विचाराने उठलेली घालमेल शमवण्यासाठी करावीच लागणारी कृती : धुणं, तपासणं, मोजणं, वस्तू एका रेषेत लावणं, दुसऱ्याला विचारून खात्री करून घेणं. काही वेळा कृती बाहेर दिसतही नाही. माणूस मनातल्या मनात ठरावीक आकड्यापर्यंत नाव घेत असतो, आकडा चुकला की पहिल्यापासून सुरुवात. असा माणूस घरच्यांना नुसता ‘हरवल्यासारखा’ वाटतो.

कृती केली की घटकाभर बरं वाटतं आणि दुखणं नेमकं तिथेच मुरतं. खरूज खाजवली की तेवढ्यापुरतं सुख लागतं आणि खाज वाढते, तसाच हा प्रकार. सुटका झाली ती या कृतीमुळेच, असं मेंदू शिकतो आणि पुढच्या वेळी ती आणखी जोरात मागतो.

विचित्र विचार येणं हा काही आजार नव्हे. विहिरीच्या काठावर उभं असताना ‘उडी मारली तर?’ असं पुष्कळांच्या मनात चमकून जातं आणि माणूस पुढच्या कामाला लागतो. ओसीडीत तोच विचार अडकून बसतो. ‘असं माझ्या मनात आलंच कसं? म्हणजे मी तसाच असणार,’ असा त्याचा अर्थ लावला जातो. विचार आणि कृती यांत दिवसातला तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जात असेल, अथवा त्यापायी काम, अभ्यास, संसार यांची ओढाताण होत असेल, तर तो आजार धरतात. सुरुवात बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात होते. पस्तिशीनंतर पहिल्यांदाच सुरू होणं कमी आढळतं.

आपल्याकडे तो कोणत्या रूपात दिसतो

पुस्तकात उदाहरण हात धुण्याचं असतं. आपल्या बारामती-इंदापूर तालुक्यांत ते निराळ्या वेषात भेटतं.

शेतातल्या मोबाइल स्टार्टरला फोन लावला की मोटर चालू आहे की बंद, हे तो बोलून सांगतो. मोठी सोय झाली. पण मोटर बंद असल्याचं ऐकूनही रात्रीतून तीस-चाळीस वेळा तोच फोन लावणारा माणूस मोटर तपासत नसतो, स्वतःची घालमेल शमवत असतो. कुलपाचा फोटो काढून तो बसमध्ये पुन्हा पुन्हा बघणं, सीसीटीव्हीचं ॲप उघडत राहणं, ही त्याचीच नवी रूपं.

द्राक्षाची फवारणी करून आल्यावर साबणाने अंघोळ करणं आणि ते कपडे वेगळे धुणं हे शहाणपण आहे. पण औषधाचा अंश राहिला असेल म्हणून दाराची कडी, मग मोबाइल, मग पाकिटातल्या नोटा धुतल्या जाऊ लागल्या, पोरांना उंबऱ्यावरच कपडे उतरवायला लागले, तर त्याचा विषारी औषधाशी संबंध संपलेला असतो.

तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. पादुकांसमोर हात जोडले की मनात शिवी किंवा घाणेरडं चित्र येतं, म्हणून एखादी माळकरी बाई पालखीच्या दिवशी घराबाहेरच पडत नाही. मग दिवसभर प्रायश्चित्त म्हणून जप आणि उपास. घरातले बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे नेतात. खरं तर तिला असले विचार छळतात, कारण तिची श्रद्धा खरी आहे. ओसीडी माणसाच्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या जागेवर बोट ठेवतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधून ठेवणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

माहेरी बाळंत झालेली मुलगी स्वयंपाकघरातली विळी फळीवर, डब्यांच्या मागे लपवते आणि बाळाजवळ एकटी बसायला घाबरते. तिच्या मनात ‘माझ्याच हातून बाळाला काही झालं तर?’ असं चित्र येत असतं. या विचाराने ती हादरलेली असते, म्हणूनच विळी लपवते. तिला ‘कसली आई’ म्हणणं हा घोर अन्याय.

आणि अभ्यासिकेतला तो मुलगा, जो एमपीएससीच्या पुस्तकाची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचतो. ओळ कळत नाही म्हणून नव्हे, तर ती ‘नीट’ वाचली गेली असं आतून वाटत नाही म्हणून.

ओसीडी काय नाही

घर लख्ख ठेवायची आवड, हिशेबातला काटेकोरपणा, देवघरातलं सोवळं यांना ओसीडी म्हणू नका. सोवळ्याला सुरुवात असते आणि शेवटही. पूजा आटोपली की बाई मोकळ्या मनाने उठते, एखादी गोष्ट राहिली तर ‘देवाला चालतंय’ म्हणते. ओसीडीला काही म्हणजे काही चालत नाही.

काहींचा स्वभावच कडक असतो : सगळं माझ्याच पद्धतीने, यादीबरहुकूम, दुसऱ्याचं काम पसंतच पडायचं नाही. हा फार टोकाला गेला तर त्यालाही वैद्यकात व्यक्तिमत्त्व विकाराचं नाव आहे आणि ते ओसीडीच्या नावाशी मिळतंजुळतं असल्याने गल्लत होते. फरक असा की कडक स्वभावाच्या माणसाला आपलं बरोबर वाटतं, त्रास भोवतालच्यांना होतो. ओसीडीच्या माणसाला स्वतःचंच वागणं पटत नसतं. ‘कळतं पण वळत नाही’ ही त्याची तऱ्हा. अर्थात काही रुग्णांची, विशेषतः लहान मुलांची, ही ‘कळण्याची’ बाजू दुबळी असते. म्हणून एवढ्या एकाच खुणेवर निकाल देऊ नका.

एकाच घराण्यातले आजार

पूर्वी ओसीडी चिंताविकारांच्या यादीत असे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात त्याचं वेगळं घराणं मांडलं. त्यातले भाऊबंद असे :

शरीररूपाचा ध्यास. नाक वाकडं आहे, केस गळून टक्कल दिसतंय, असा समज. दुसऱ्यांना ते दिसतही नाही, पण हा माणूस तासन्‌तास आरशासमोर असतो किंवा आरसे झाकून ठेवतो. अशी मुलं मनोविकारतज्ज्ञाकडे न जाता त्वचारोगतज्ज्ञाकडे आणि प्लास्टिक सर्जनकडे फिरत राहतात.

साठवण्याचा विकार. जुन्या गोण्या, बाटल्या, पेपर टाकायचे म्हटले की जीव कासावीस होतो आणि अखेर घरात चालायला वाट उरत नाही. शेतकऱ्याच्या घरी चार जुन्या वस्तू असतातच, त्याला हे लागू नाही.

केस उपटणं, कातडी कुरतडणं. इथे आधी विचार असतोच असं नाही. हात आपसूक जातो, कंटाळ्यात आणि ताणात जास्त. म्हणून उपचारही वेगळा : सवय उलटवण्याचं प्रशिक्षण.

आजाराची धास्ती. रिपोर्ट चांगला आला तरी कॅन्सरच असणार, हार्ट अटॅकच येणार, म्हणून डॉक्टर बदलत राहणं. जागतिक आरोग्य संघटनेने यालाही याच घराण्यात बसवलं आहे.

सोबतीला येणारे आजार

ओसीडी एकटा क्वचितच राहतो. सगळ्यात जास्त सोबत नैराश्याची. वर्षानुवर्षं लपवून, थकून माणूस खचतो. बरेच जण नैराश्याची तक्रार घेऊन येतात आणि मूळचा ओसीडी सांगतच नाहीत, लाज वाटते म्हणून. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारायला हवं. विचारल्याने तसे विचार मनात भरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते.

दुसरी सोबत चिंताविकारांची. साधी चिंता खऱ्याखुऱ्या प्रश्नांभोवती फिरते : कर्ज, उसाचं बिल, मुलीचं लग्न. ओसीडीतली भीती कित्येकदा स्वतः रुग्णालाच अतर्क्य वाटते आणि तिच्यामागे ठरलेली कृती असते. दोन्ही एकाच माणसात असू शकतात.

तिसरी सोबत टिक्सची, म्हणजे डोळे मिचकावणं, मान झटकणं, घसा खाकरणं अशा आपोआप होणाऱ्या हालचालींची. ओसीडी असलेल्यांपैकी 30 टक्क्यांपर्यंत लोकांना आयुष्यात कधी ना कधी टिक्स झालेले असतात, मुलग्यांत अधिक. डॉक्टरांना हे सांगणं गरजेचं असतं, कारण त्यावरून औषधाची निवड बदलू शकते. एडीएचडीही, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकारही, काही मुलांत जोडीने असतो. पण वर्गात लक्ष नाही याचं कारण मनात चाललेली मोजदाद असेल, तर ते एडीएचडी नव्हे.

द्विध्रुवी आजाराची, म्हणजे बायपोलरची माहिती डॉक्टरांपासून कधीही लपवू नका. ओसीडीला जी औषधं देतात, त्यांनी बायपोलर असलेल्या माणसाला उन्मादाचा झटका येऊ शकतो. घरात कुणाला पूर्वी ‘फार बोलणं, झोप नको, उधळपट्टी’ असा काळ येऊन गेला असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा.

दारूचंही तसंच. व्यसनाच्या ओढीला सुरुवातीला तरी मजा असते, ओसीडीच्या कृतीत मजा कधीच नसते. पण विचार बंद पडावेत म्हणून पिणारे आहेत. त्यांची नुसती दारू सोडवून भागत नाही.

जिथे गल्लत महाग पडते

सायकोसिसमध्ये विचार बाहेरून कुणी घालतंय, आवाज हुकूम देतोय, असं वाटतं. ओसीडीत विचार नकोसा असला तरी ‘माझ्याच मनातला’ असतो. वर सांगितलेल्या बाळंतिणीच्या बाबतीत हा फरक जीवनमरणाचा ठरतो. विचाराला घाबरून बाळाची जपणूक करणारी आई वेगळी. झोप उडालेली, असंबद्ध बोलणारी, ‘हे बाळ माझं नाही’ किंवा ‘याच्यात सैतान आहे’ असं ठामपणे म्हणणारी आई वेगळी. दुसरीला त्याच दिवशी दवाखान्यात न्या, बाळाजवळ एकटी ठेवू नका.

ऑटिझममध्येही गोष्टी रांगेत लावणं, तोच रस्ता, तीच थाळी असा हट्ट असतो. पण त्या मुलाला त्यात समाधान मिळतं. ओसीडीच्या मुलाला त्याचा जाच होतो.

ठणठणीत मुलात घसादुखी-तापानंतर अचानक, एक-दोन दिवसांतच लक्षणं तीव्र झाली, तर आधी बालरोगतज्ज्ञाला दाखवा. असं क्वचित घडतं, पण घडतं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं वागणं सुरू झालं, तर मेंदूची तपासणी करून घेणं योग्य. म्हातारपणी तेच तेच विचारण्यामागे विस्मरण असू शकतं.

घरी विचारायचे चार प्रश्न

हे प्रश्न निदानासाठी नव्हेत, डॉक्टरांना नेमकं सांगता यावं यासाठी आहेत. हे केलं नाही तर काय होईल असं वाटतं? ते खरंच होईल याची तुला कितपत खात्री आहे? केल्यावर आनंद होतो की नुसती सुटका? दिवसातला किती वेळ यात जातो? उत्तरं वहीत लिहून न्या. डॉक्टर बहुधा येल-ब्राउन ही 1989 पासून वापरात असलेली 10 प्रश्नांची, 40 गुणांची मोजपट्टी लावतात. तुमच्या नोंदी तिथे कामी येतात.

उपचार

ओसीडीवर उपाय आहे आणि तो दोन अंगांनी होतो. एक, ईआरपी ही वर्तनोपचाराची पद्धत. हिची सुरुवात 1966 मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी केली. भीतीची शिडी करायची आणि खालच्या पायरीपासून चढायचं. स्टार्टरवाल्याचंच घ्या. पहिल्या आठवड्यात झोपण्याआधी तीनच फोन, मग एक, मग एकही नाही. फोन न लावता घालमेल 100 पैकी किती, ते दर दहा मिनिटांनी लिहायचं. ती चढते, टिकते आणि कृती न करताही उतरते, किंवा निदान सोसता येते, हे स्वतः अनुभवणं हाच उपचार. मन रिकामं करणं, विचार दाबणं, ‘पॉझिटिव्ह’ विचार घोकणं याने हे होत नाही. घोकणं तर कित्येकदा नवी कृती बनतं.

दुसरं अंग औषधांचं. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लूव्होक्सामिन यांसारखी औषधं आणि जुनं क्लोमिप्रामिन. नैराश्याला लागतो त्याहून डोस बहुधा जास्त लागतो आणि गुण यायला 8 ते 12 आठवडे जातात. पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून बंद करणं ही सर्रास होणारी चूक. या गोळ्यांची नशा चढत नाही, व्यसन लागत नाही. सुरुवातीला मळमळ, बेचैनी होऊ शकते. तरुणांमध्ये पहिल्या काही आठवड्यांत मनःस्थितीवर लक्ष ठेवा. बरं वाटल्यावरही किमान वर्षभर औषध चालू ठेवतात, मग हळूहळू कमी करतात. मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवर झोपेच्या गोळ्या आणणं मात्र टाळा, त्यांची सवय लागते आणि ओसीडी तिथेच राहतो.

घरच्यांनी काय करावं

प्रेमापोटी आपण आजाराला हातभार लावतो. रुग्णासाठी नळ आपण सोडतो, ‘लावलंय गं कुलूप’ हे दहा वेळा सांगतो, पाहुण्यांना अंगणातूनच परत पाठवतो. दुसरं टोक म्हणजे ओरडणं, कोंडणं, चारचौघांत नक्कल करणं. दोन्ही टाळा. उत्तर एकदा द्या. पुन्हा विचारलं तर म्हणा, ‘हा प्रश्न तुझा आजार विचारतोय. मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसतो.’ मदत एका रात्रीत काढून घेऊ नका. थेरपिस्ट आणि रुग्ण यांच्याशी ठरवून एकेक गोष्ट कमी करा. सासू, जाऊ, आजोबा, सगळ्यांनी एकच धोरण ठेवलं तरच हे चालतं. एकत्र कुटुंबात याच जागी गाडी अडते.

जायचं कुठे

बंगळुरूच्या निम्हान्सने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये ओसीडीचं प्रमाण सुमारे 0.8 टक्के आढळलं. सर्वेक्षण झालेल्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी बारामती आणि इंदापूर तालुक्यांची मिळून लोकसंख्या 2011 मध्येच 8 लाखांवर होती, हे लक्षात घेतलं तर आपल्याकडे असे रुग्ण हजारांत असणार, हे उघड आहे.

बारामतीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2019 मध्ये सुरू झालं. मनोविकार ओपीडीचे वार तिथे विचारून घ्या. इंदापूरकरांनी आधी उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांना सोलापूरचं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सोयीचं पडतं. गुंतागुंत असेल तर पुण्याचं ससून आहे. वर्तनोपचार करणारा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ जवळ नसेल तर ऑनलाइन भेटीही चालतात. फक्त ‘तुम्ही ओसीडीसाठी ईआरपी करता का?’ हे आधी विचारा.

टेलि-मानस ही केंद्र सरकारची हेल्पलाइन 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. क्रमांक 14416. फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 प्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. पॉलिसी असेल तर कागद काढून बघा.

तुमच्या घरात कुणी अडकलेलं दिसत असेल, तर या आठवड्यात एक काम करा. हसू न येऊ देता, न रागावता, ‘हे केलं नाही तर काय होईल असं वाटतं?’ एवढं विचारा, उत्तर पुरतं ऐकून घ्या आणि ते उत्तर घेऊन डॉक्टरांकडे जा.